इंजिन छोटं, गुन्हा मोठा

गेल्या महिन्यात माझ्या पॅलिओने लिटरभर ऑइल खाल्लं. सकाळी गाडी सुरू केली की मागे निळा धूर, आणि पार्किंगच्या कट्ट्यावर प्राणायाम करणारे समोरच्या विंगमधले काका नाकपुडी दाबून माझ्याकडे बघतात. नाकपुडी तर ते रोजच दाबतात, पण बघायचे नाहीत.

मिस्त्रींनी कॉम्प्रेशन तपासलं. दोन सिलिंडर बरे, दोन आजारी. हात पुसत म्हणाले, "साहेब, बोअर करावं लागणार. पण पिस्टन तुम्ही आणायचे. मला मिळणार नाहीत."

ज्यांना ही गाडी आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फियाटने २००१ साली पॅलिओ आणली, कुर्ल्याच्या कारखान्यातून. सचिनच्या सहीची एस-टेन आठवते ना? तीच. त्यात एक १.६ जीटीएक्स होती. १५९६ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, १०० घोडे. त्या काळात शेजारी उभ्या असलेल्या झेनमध्ये साठेक घोडे असायचे. शहरात आठ-नऊचं अ‍ॅव्हरेज देऊन या इंजिनाने फियाटची अब्रू घालवली हेही खरं, पण चार हजार आरपीएमच्या पुढे ते जे गायचं ते ऐकलेला माणूस अ‍ॅव्हरेज विसरायचा. मी विसरलो. बायको विसरली नाही. असो.

तर मिस्त्रींनी दुसरा पर्याय सुचवला. "कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे एक लिनिया टी-जेट आलीय. मागून ठोकलेली. इंजिन एकदम सलामत. बोला, टाकून देऊ?"

त्या रात्री मला झोप लागली नाही.

लिनिया टी-जेट २०१० मध्ये आली, पुण्याजवळच्या रांजणगावात बनलेली. १३६८ सीसी, टर्बो, ११४ घोडे. कागदावर फक्त चौदा घोडे जास्त, म्हणजे फार काही नाही असं वाटेल. पण टॉर्क बघा. २०७ न्यूटन-मीटर, आणि तोही २२०० आरपीएमलाच. माझ्या १.६ च्या साधारण दीडपट, आणि गिअर न पाडता. शिवाय हे इंजिन परक्या घरचं नाही. फियाटच्या 'फायर' कुटुंबातलं आहे, आणि त्याच कुटुंबातलं छोटं इंजिन पॅलिओ १.२ मध्ये फियाटनेच बसवलेलं होतं. त्यामुळे फाउंडेशन कुठे यायला हवं हा प्रश्न कारखान्यानेच अर्धा सोडवून ठेवलाय. कुर्ल्यात जन्मलेल्या गाडीत रांजणगावचं इंजिन, तेही कुर्ल्याच्याच भंगारातून. अशी सोयरीक शोधून सापडत नाही.

अर्थात उरलेला अर्धा प्रश्न सोपा नाही. टी-जेटच्या अ‍ॅक्सिलरेटरला तार नसते, पेडलखाली सेन्सर असतो. म्हणजे पेडल त्याचंच घ्या, कंप्युटर त्याचा, वायरिंगही त्याचं. किल्लीतली चिप आणि इंजिनाचा कंप्युटर यांची जोडी ठरलेली असते, ती जमली नाही तर गाडी ढिम्म. इंटरकूलरला नाकाशी जागा करा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ब्रेक. फियाटने लिनियात हे इंजिन बसवलं तेव्हा मागच्या चाकांनाही डिस्क दिल्या होत्या. माझ्या पॅलिओला मागे ड्रम आहेत. ज्या कंपनीने इंजिन बनवलं तिला मागे डिस्क द्याव्याशा वाटल्या, तर मी ड्रमवर भागवणारा कोण? म्हणजे नुसतं इंजिन आणून चालणार नाही, लिनियाची अर्धी गाडी आणावी लागणार. ब्रेक, शाफ्ट, पंप, रेडिएटर सगळं लिहून काढलं. तीन पानं झाली. खर्चाचा आकडा इथे लिहीत नाही, हा ब्लॉग घरी वाचला जातो.

मग कायदा वाचला, आणि तीन पानं घडी घालून खिशात ठेवली.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. १९८८ च्या मूळ कायद्यात एक वाट होती: गाडीत बदल करायचाय तर नोंदणी अधिकाऱ्याला नोटीस द्या, मंजुरी घ्या, करा. २००० साली कलम बदललं आणि ती वाट बंद झाली. आता नियम असा की आरसी बुकातला तपशील कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच स्पष्ट केलं. माझं भांडण कोर्टाशी नाही. कोर्टाने लिहिलेलं वाचून दाखवलं. भांडण लिहिणाऱ्यांशी आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही ठरली: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही.

आता गंमत बघा. माझ्या आरसी बुकात लिहिलंय १५९६ सीसी. टी-जेट बसवलं तर तो आकडा होईल १३६८. म्हणजे सरकारदरबारी माझं इंजिन *लहान* होतं! थर्ड पार्टी विम्याचे दर सीसीवर ठरतात. २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे १५०० सीसीच्या वर ७८९७ रुपये आणि खाली ३४१६. म्हणजे दीडपट टॉर्कची गाडी करून मी निम्म्याहून कमी हप्त्याला पात्र ठरतो, फक्त मधल्या मध्ये मी गुन्हेगार आहे. ज्या व्यवस्थेला इंजिन म्हणजे एक आकडा आणि एक नंबर एवढंच कळतं, ती व्यवस्था माझ्या सुरक्षिततेसाठी मला अडवतेय यावर मी विश्वास का ठेवावा?

"अहो पण पोरं काय काय करतात," असं तुम्ही म्हणणार. म्हणाच. मी एक पोरगा ओळखतो. शेजारच्या सोसायटीतला. त्याने त्याच्या जुन्या छोट्या गाडीत मोठं इंजिन टाकलं, एका रात्रीत, कुठल्याशा शेडमध्ये. ब्रेक जुने, टायर जुने, सस्पेन्शन जुनं. पैसे संपले होते, आणि आवाज तर आला होता. तीन महिन्यांनी कात्रजच्या जुन्या घाटात उतरताना गाडी थांबली नाही. चहाच्या टपरीसमोर स्कूटरवर बसलेल्या माणसाचा पाय दोन ठिकाणी मोडला. पोराला खरचटलंसुद्धा नाही. विमा कंपनीने गाडीचा क्लेम नाकारला, ते बरोबरच होतं. जखमी माणसाची भरपाई कंपनीने आधी द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असा वाद आता चालू आहे. मालक म्हणजे पोराचे वडील. निवृत्त मास्तर. मध्यंतरी जिन्यात भेटले तर विचारत होते, "तुम्हाला गाड्यांतलं कळतं ना, हे इंजिन बदललंय हे मला कसं कळायला हवं होतं?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण त्या तीन महिन्यांत ते कोणालाच कळलं नव्हतं. गाडीचं पीयूसी झालं होतं. दोनदा पोलिसांनी थांबवलं होतं, काचेच्या फिल्मसाठी.

आणि माझा स्वतःचा अनुभव सांगतो. पंधरा वर्षं झाल्यावर पॅलिओचं नूतनीकरण करायला गेलो. कुठल्या कार्यालयात ते सोडा. तपासणीला चासिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतला, इंजिन नंबर बघितला, सही. ब्रेक कोणी दाबून पाहिला नाही. माझा एक मागचा ड्रम त्या दिवशी गळत होता. मला माहीत होतं, त्यांना नाही. गाडी पास. कंपनीने दिल्याप्रमाणे, अस्सल, कायदेशीर आणि गळकी.

हा माझा खरा राग आहे. बंदीमुळे त्या पोराचं इंजिन अडलं नाही. अडलं कोणाचं? ज्याने तीन पानं लिहिली, ज्याला मागे डिस्क बसवून मग कोणाला तरी दाखवायची होती, त्याचं. ज्याला कायदा मोडायचाच आहे तो सगळ्यात स्वस्तात मोडतो. पकडला गेलो तर ब्रेक चांगले होते म्हणून दंड कमी होत नाही. उलट प्रत्येक बदलाला पाच हजार. म्हणजे इंजिनाबरोबर मागच्या डिस्कही बसवल्या आणि त्याही कोणी बदल म्हणून मोजल्या, तर माझा दंड त्या पोरापेक्षा जास्त!

बरं, तपासणी करताच येत नाही असंही नाही. त्याच कलम ५२ मध्ये इंधन बदलायला परवानगी आहे. मान्यताप्राप्त किट असेल तर सीएनजी बसवा, चालतं. डिकीत साठेक किलोचं नळकांडं, सगळं वजन मागच्या अ‍ॅक्सलवर, दोनशे बारच्या दाबाचा वायू, आणि दर तीन वर्षांनी त्याची हायड्रो टेस्ट. इंजिन सपशेल काढून मोटर आणि बॅटरी बसवा, तेही चालतं, किट मंजूर हवं. म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जागी बॅटरी हा बदल सरकार तपासू शकतं, पण पेट्रोल इंजिनाच्या जागी त्याच कंपनीचं, भारतातच मंजुरी मिळालेलं, भारतातच विकलेलं पेट्रोल इंजिन हे मात्र तपासण्यापलीकडचं गूढ आहे. मी रोज सकाळी ज्या टेकडीवर फिरायला जातो तिला पुण्यात एआरएआयची टेकडी म्हणतात, कारण ज्या संस्थेत देशभरातल्या गाड्या आणि किटं तपासली जातात ती तिथेच आहे. कुंपणापासून दहा फुटांवरून जातो. आत ब्रेक मोजायची यंत्रं आहेत. बाहेर माझ्या खिशात तीन पानं.

जर्मनीत लोक इंजिन बदलतात. तिथे टीयूव्हीचा अभियंता गाडी बघतो, ब्रेक, धूर आणि आवाज तपासतो, आणि समाधान झालं तर ते गाडीच्या कागदांत चढतं. नाही झालं तर घरी जा आणि परत या. माझा एक मित्र श्टुटगार्टला असतो. त्याने फक्त स्प्रिंग बदलल्या तरी त्याला जावं लागलं. वैतागला होता. मी त्याला म्हटलं, तुझा हा वैताग मला विकत दे. घ्या ना माझ्याकडून पंचवीस हजार तपासणीचे. पन्नास घ्या. एकदा नाही, दर दोन वर्षांनी घ्या. तो पोरगा पन्नास हजार देणार नाही, मान्य. पण मग ज्याच्या कागदावर शिक्का नाही तो बेकायदा हे पोलिसाला एका नजरेत कळेल, आणि मास्तरांनाही. आज सगळेच बेकायदा असल्यामुळे कोणीच दिसत नाही.

एक बाजू राहिली: 'ओरिजिनल'वाल्यांची. त्यांचं म्हणणं, हे इंजिन काढलं तर ती पॅलिओ १.६ राहतच नाही. मला त्यांचं दुखणं कळतं, ते गाणं मीही ऐकलंय. पण त्यातल्या निम्म्या लोकांच्या गाड्या कव्हरखाली आहेत आणि बॅटऱ्या उतरलेल्या. माझी रोज ऑफिसला जाते. कंपनी देश सोडून गेली, पार्ट बनत नाहीत, आणि मी मात्र कंपनीने २००३ साली जे ठरवलं त्याच्याशी मरेपर्यंत एकनिष्ठ राहायचं. एवढी निष्ठा फियाटनेही आपल्याशी दाखवली नाही.

मिस्त्रींना काल नाही म्हणून कळवलं. ते जरा हिरमुसले. म्हणाले, "साहेब, कोण बघतंय?" तेच तर, म्हटलं, कोणी बघत नाही.

ते इंजिन त्यांनी तरीही आणलंय. शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहे, दुसरं कोणीतरी गिऱ्हाईक मिळालं म्हणतात, गाडी कुठली ते मी विचारलं नाही. ब्रेकचं विचारलं. "त्यांचं बजेट नाही," म्हणाले. माझ्या १.६ चे ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा तुर्कस्तानातून यायच्यात, तिकडे हे इंजिन पुष्कळ चाललं. तोपर्यंत दर रविवारी डिपस्टिक बघतोय. या आठवड्यात पाव लिटर.