जग बांधू नका, मॉड्युल संपवा

"मॉड्युल कुठवर आलं?" असं गेल्या दोन महिन्यांत बऱ्याच जणांनी विचारलं. तर मंडळी, आधी आकडे देतो आणि मग भांडतो. ठरवलेले एरिया सात. त्यातले पाच पूर्ण, सहावा अर्धा, सातव्याला अजून हात लावलेला नाही. बोलणारी पात्रं नऊ. स्क्रिप्ट तेवीस, सगळ्यात लांबलचक स्क्रिप्ट चाळीस ओळींची. आणि पाचव्या एरियापर्यंत माझ्याशिवाय दोन माणसं खेळून आली आहेत. या यादीतला शेवटचा आकडा सोडला तर बाकीचे सगळे आकडे माझ्या मते बिनकामाचे आहेत. आजचं भांडण त्यावरच आहे.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेव्हरविंटर नाइट्स हा बायोवेअरचा गेम २००२ साली आला. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या नियमांवर चालणारा. त्याच्या सोबतच अरोरा टूलसेट नावाचं सॉफ्टवेअर मिळायचं, ज्यातून कुणालाही घरबसल्या स्वतःची मोहीम तयार करता यायची. या घरगुती मोहिमेला मॉड्युल म्हणतात. जमीन म्हणजे दहा मीटर बाय दहा मीटरच्या तयार फरश्या, त्या एकाला एक जोडत जायच्या. त्यावर झाडं, दारं, माणसं ठेवायची. माणसांच्या तोंडी संवाद द्यायचे, आणि काही घडवायचं असेल तर एनडब्ल्यूस्क्रिप्ट नावाच्या, सी सारख्या दिसणाऱ्या भाषेत चार ओळी लिहायच्या. बीमडॉगने २०१८ साली सुधारित आवृत्ती काढली, त्यामुळे आजच्या मशीनवरही हे सगळं मजेत चालतं. वीकेंडला दोन तास मिळाले तरी काहीतरी दिसण्यासारखं होतं.

इतकं सोपं असूनही सुरू झालेली बहुतेक मॉड्युलं संपत नाहीत. कुणाच्याही हार्ड डिस्कवर बघा, 'फायनल', 'फायनल २' आणि 'नवीन फायनल' अशा नावांच्या फायली धूळ खात पडलेल्या असतात. विचारलं की उत्तर ठरलेलं: "वेळ मिळत नाही रे." माझा यावर विश्वास नाही. वेळ मिळतो. तो भलतीकडे जातो.

भलतीकडे म्हणजे दोन ठिकाणी.

पहिली जमात जग बांधणाऱ्यांची. यांच्याकडे तीन राज्यं, बारा देव, दोन हजार वर्षांचा इतिहास आणि स्वतःचं कॅलेंडर असतं. राजाच्या पणजोबांनी कुठली लढाई हरली ते तुम्हाला चहाच्या टपरीवर अर्धा तास ऐकवतील. आणि खेळाडू जिथे सुरुवात करतो त्या खानावळीत पाऊल ठेवलं तर मालक म्हणतो, "नमस्कार." बस्स. पुढे संवादच लिहिलेला नाही. नमनालाच घडाभर तेल जाळलं, आता नाटकाला दिवा कुठून लावणार?

दुसरी जमात आपली, म्हणजे प्रोग्रामरांची. ही जास्त धोकादायक, कारण ती काम करताना दिसते! हिला गोष्ट सांगायची नसते, हिला सिस्टीम लिहायची असते. भूक लागण्याची सिस्टीम. पावसाची सिस्टीम. लोहारकामाची सिस्टीम, ज्यात चौदा प्रकारची खनिजं. मग हे सगळं हार्टबीटला लटकवायचं, म्हणजे दर सहा सेकंदांनी गावातला प्रत्येक कोंबडा स्वतःला विचारणार की मला भूक लागली का. गेम रखडायला लागला की ते दुरुस्त करण्यात आणखी सहा महिने. दिवसभर ऑफिसात फ्रेमवर्क लिहायचं आणि शनिवारी घरी येऊन पुन्हा फ्रेमवर्कच लिहायचं, याला छंद म्हणायचं की ओव्हरटाइम?

"पण खोली यायची असेल तर जग आधी उभं करायलाच हवं ना?" हा नेहमीचा बचाव. या खेळाचा इतिहासच त्याच्या उलटा आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ सालचा. सुरुवातीच्या काळातल्या छापील मॉड्युलांत गॅरी गायगॅक्स यांचं 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' हे सगळ्यात जास्त खेळल्या गेलेल्यांपैकी एक. नवशिक्यांच्या पेटीतच ते घालून दिलं जायचं. त्यात एक गढी, थोडं रान आणि राक्षसांनी भरलेल्या गुहा आहेत. आणि त्या गढीतल्या माणसांना नावंच नाहीत! किल्लेदार म्हणजे किल्लेदार, लोहार म्हणजे लोहार. नाव ठेवायचं तर खेळ चालवणाऱ्याने ठेवावं. त्याच्या आधीचं, माइक कार यांचं 'इन सर्च ऑफ द अननोन' तर आणखी पुढे गेलं. खोल्यांचं वर्णन दिलं, पण कुठल्या खोलीत कुठला राक्षस आणि कुठला खजिना, ती जागा मुद्दाम रिकामी सोडली. सोबत यादी दिली आणि सांगितलं, तुम्हीच भरा. लोकांनी भरलंसुद्धा. पिढ्या त्यावर वाढल्या. कुणी तक्रार केली नाही की किल्लेदाराचा वंशवृक्ष कुठाय.

दुसरा पुरावा टूलसेटचाच घ्या. ऑब्सिडियनने २००६ साली नेव्हरविंटर नाइट्सचा दुसरा भाग काढला. त्यातला टूलसेट पहिल्यापेक्षा कितीतरी ताकदवान. उघड्यावरची जमीन हाताने वरखाली करा, डोंगर हवा तसा ओढा, गवत रंगवा. आणि मॉड्युलं? पहिल्या भागाच्या मानाने फारच कमी आली. कारणं अनेक असतील, पण एक मला स्पष्ट दिसतं. फरशी होती तेव्हा एका दुपारी गाव उभं राहायचं. आता त्या दुपारी एक टेकडी होते, आणि तीही मनासारखी नाही. मोकळीक दिली की माणूस टेकडीच घासत बसतो.

माझ्या मॉड्युलचं उदाहरण देतो म्हणजे नुसती बडबड वाटायला नको. उजनी धरणात बुडालेलं पळसदेवचं देऊळ पाणी ओसरलं की बाहेर येतं, हे आपल्याकडे बऱ्याच जणांनी पाहिलेलं आहे. गोष्ट तिथून सुचली. तळ्याखाली गेलेलं एक गाव तीन दिवसांसाठी वर येतं. पाणी परतायच्या आत खेळाडूने आत जाऊन एक वस्तू आणायची. एवढंच.

हे ऐकल्यावर एका मित्राने लगेच पाण्याची सिस्टीम आखून दिली. मिनिटागणिक पातळी, पातळीनुसार चालण्याचा वेग, श्वासाचा हिशोब. व्हाइटबोर्ड भरला. मी काय केलं? गावाच्या एरियाची कॉपी काढली. एक कोरडं गाव, एक बुडालेलं गाव. खेळाडू सरपंचाच्या वाड्यात शिरतो तेव्हा बाहेर सगळं कोरडं. आत ती वस्तू उचलली की एक व्हेरिएबल एकवर जातं. मग तेच दार त्याला बाहेर सोडतं ते बुडालेल्या गावात. दारावरची स्क्रिप्ट दहा ओळींची. माझ्या भाच्याने दार उघडलं आणि "अरे!" म्हणून खुर्चीत सरळ बसला. पाणी चढताना कुणी पाहिलंच नाही, म्हणून ते जास्त अंगावर आलं. व्हाइटबोर्डवरच्या सिस्टीमला ते जमलं असतं असं मला वाटत नाही.

याच भाच्याने पहिल्याच फेरीत नावाड्याला मारून टाकलं. ज्याच्याकडून मोहीम मिळायची तोच नावाडी! टूलसेटमध्ये पात्राला 'प्लॉट' अशी खूण करायची सोय आहे, मग ते मरत नाही. ती मी मुद्दाम केलेली नव्हती. नावाडी मेला तर होडी उरते, होडीत त्याची वही सापडते, आणि खेळाडू स्वतः वल्हवत जातो. फरक इतकाच की परतल्यावर काठावर नावाड्याची बायको उभी असते. तिचे संवाद भाच्याने दोनदा वाचले. नंतर जेवताना विचारत होता, "मामा, तिला पैसे देता येतात का?" येत नव्हते. आता येतात. बारा देवांचा पुराणकोश लिहून हा प्रश्न मला कुणी विचारला नसता. म्हणून म्हणतो, प्रगती मोजायची तर दुसऱ्याने किती दारं उघडली त्यावर मोजा.

आता दुसऱ्या बाजूचा एक मुद्दा मला मान्य आहे. मोठी मॉड्युलं झालेली आहेत आणि उत्तम झालेली आहेत. 'एलुंड सागा' किंवा ॲडम मिलर यांची 'शॅडोलॉर्ड्स' ही लांबलचक कामं आहेत. पण ती कशी आली? भागाभागाने. एक भाग लोकांच्या हातात गेला, मग पुढचा. याउलट खुद्द बायोवेअरचे रॉब बार्टेल यांनी २००३ साली 'विचेस वेक' ही मालिका सुरू केली, तिचे पुढचे भाग कधीच आले नाहीत. तरी पहिला भाग खेळणारे आजही सापडतात, कारण तो भाग खेळण्याजोगा होता. पगारी लोकांची मालिका जिथे अडकते तिथे शनिवार-रविवारवाल्यांनी काय गमजा माराव्यात?

हल्ली तिसरा एक वर्ग निघालाय. "एआयला सांग, तासात मॉड्युल देईल." देईलही. संवाद देईल, इतिहास देईल, बारा देव तर हमखास देईल! म्हणजे नेमकं जे आधीच नको इतकं आहे तेच. नावाड्याच्या बायकोला पैसे द्यावेत असं ज्याला वाटलं तो समोर बसलेला मुलगा होता, आणि त्याच्यासाठी मला काहीतरी करायचं होतं. तेवढं कामच जर दुसऱ्याला द्यायचं असेल तर विकत मिळणारे गेम काय कमी आहेत?

राहता राहिला भाषेचा प्रश्न. या गेममध्ये देवनागरी चालत नाही, म्हणून माझे संवाद रोमन लिपीतल्या मराठीत आहेत. एका शुद्धलेखनवाल्याने नाक मुरडलं. त्यांना म्हटलं, भाचा मला मेसेज त्याच लिपीत करतो. देवनागरीची सोय होईपर्यंत थांबलो तर तो कॉलेज संपवून नोकरीला लागेल. मुलं वयाने वाढतात, त्यांना आपल्या आवृत्त्यांशी देणंघेणं नसतं. आठवीतल्या मुलासाठी बनवलेली गोष्ट आठवीतच त्याच्या हातात पडायला हवी. घाई आहे ती याची.

असो. तुमच्याकडे अर्धवट मॉड्युल पडलेलं असेल तर एवढंच करा. नकाशा बंद करा. सगळ्या सिस्टीम काढून टाका. एक गाव, एक वाट, एक वाडा ठेवा. मधल्या माणसांच्या तोंडी खरे संवाद घाला. येत्या रविवारी कुणाला तरी खुर्चीत बसवा आणि मागे उभं राहून तोंड बंद ठेवून बघा. तो कुठे अडतो, कुठे हसतो, कुणाला विनाकारण मारतो, ते वहीत लिहा. पुढच्या शनिवारचं काम तिथेच मिळेल.

माझं या शनिवारचं काम ठरलेलं आहे. सहाव्या एरियातली विहीर. भाचा तिच्यात उडी मारणार याची मला खात्री आहे, तेव्हा तळाशी काहीतरी ठेवायला हवं :)