एक अटेम्प्ट गेला, त्याचा हिशेब कोण करणार?

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून यूपीएससीसारखी वर्णनात्मक झाली आहे. हा बदल खरं तर 2023 मध्येच येणार होता. पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि तो दोन वर्षं पुढे गेला. आता ती सवलतही संपली. मुख्य परीक्षेत गोल काळे करण्याऐवजी तीन-तीन तास लिहायचं आहे. राबोडी, मुंब्रा, कौसा, कल्याणचा दूधनाका इथे अभ्यासाला बसलेल्या आपल्या मुला-मुलींसाठी याचा अर्थ काय, हे घरात बोललं गेलं पाहिजे.

सच्चर समितीने 2006 मध्ये आयएएसमध्ये मुस्लिमांचं प्रमाण 3 टक्के आणि आयपीएसमध्ये 4 टक्के असल्याचं नोंदवलं. जलशांमध्ये हा आकडा आपण वारंवार ऐकतो. त्यामागची गरिबी खरी आहे, भेदभावही खरा आहे. पण जी मुलं परीक्षेला बसतात, त्यांचे अटेम्प्ट नेमके कशात जातात, यावर आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. चुका बहुतेक त्याच त्या आहेत.

पहिली चूक म्हणजे “बघू तरी पेपर कसा असतो” म्हणून बसणं. यूपीएससीत खुल्या प्रवर्गाला 6 आणि ओबीसींना 9 संधी मिळतात. नुसता फॉर्म भरला तर संधी मोजली जात नाही, पण पूर्व परीक्षेच्या एका जरी पेपरला बसलं की मोजली जाते. पेपर पाहायचाच असेल तर मागच्या वर्षांचे पेपर आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. ते घरी घड्याळ लावून सोडवावेत.

दुसरी चूक सीसॅटची. “त्यात फक्त पास व्हायचंय” असं म्हणत तो पेपर शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो. 80 प्रश्न, 200 गुण, 33 टक्क्यांची अट. दहावीनंतर गणिताला हात न लावलेल्यांना ही अट जड जाते आणि सामान्य अध्ययनात कितीही गुण असले तरी उपयोग होत नाही. त्यात अंदाजाने उत्तरं ठोकायची सवय. यूपीएससीत चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात, राज्यसेवा पूर्व परीक्षेत एक चतुर्थांश.

तिसरी चूक कागदपत्रांची. आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या ओबीसीत येतात, पण राज्याची यादी वेगळी आणि केंद्राची वेगळी. नॉन-क्रीमीलेअर दाखला ठरलेल्या वर्षाचा आणि ठरलेल्या तारखेच्या आत काढलेलाच लागतो. हे काम अब्बूंनी किंवा मोठ्या भावाने अंगावर घेतलं, तर मुलाचे आठवडे वाचतात.

चौथी चूक सगळ्यात महाग पडणार आहे, ती लेखी मराठीची. यूपीएससीत भारतीय भाषेच्या पेपरला उर्दू घेता येते, मुख्य परीक्षेची उत्तरंही उर्दूत लिहिता येतात. राज्यसेवेत तसं नाही. तिथे मराठीचा 300 गुणांचा पेपर अनिवार्य आहे आणि त्यात किमान 25 टक्के गुण लागतात. उर्दू माध्यमातली आपली मुलं बाजारात, लोकलमध्ये फर्डी मराठी बोलतात. कागदावर मात्र अडखळतात. उर्दूत लिंगं दोनच, मराठीत तीन. म्हणून “पुस्तक चांगला आहे” असं लिहिलं जातं. ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’ यांची गल्लत होते. उजवीकडून डावीकडे लिहायला सरावलेल्या हाताला देवनागरीत वेग यायला वेळ लागतो. हे सगळं सरावाने सुटतं, पण त्याला वर्ष-दीड वर्ष द्यावं लागतं. पूर्व परीक्षेच्या निकालानंतर सुरुवात केली तर उशीर झालेला असतो.

आपण अन्सार शेखचं उदाहरण नेहमी देतो. जालन्याच्या रिक्षाचालकाचा हा मुलगा 2015 च्या परीक्षेत, वयाच्या 21 व्या वर्षी, पहिल्याच प्रयत्नात 361 वा आला. अभिमान वाटतोच. पण त्यामुळे घराघरात पहिल्याच प्रयत्नाची अपेक्षा बसली. यवतमाळची अदिबा अनम, तीही रिक्षाचालकाचीच मुलगी, 2024 च्या परीक्षेत 142 वी आली, ती आधीचं अपयश पचवून. आपल्या बहुतेक मुलांची वाट अदिबासारखीच असणार आहे.

दीनमध्ये मुहासबा सांगितला आहे, म्हणजे स्वतःचा हिशेब स्वतः घेणं. परीक्षेलाही तो लागू करावा. यूपीएससी अंतिम निकालानंतर गुण जाहीर करते, एमपीएससी पूर्व परीक्षेची उत्तरतालिका देते. ती घेऊन वहीत तीन रकाने आखावेत: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण घाईत चुकलं, अंदाजाने ठोकलं. पहिल्यावर उपाय वाचन, दुसऱ्यावर वेळ लावून सराव, तिसऱ्यावर प्रश्न सोडून देण्याची हिंमत. हा हिशेब न करता पुन्हा नवा क्लास लावला, तर फी नवी आणि चूक जुनीच.

ठाण्यात महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे. तिथे चौकशी करावी. मुंब्रा-कल्याणच्या शाळांनी संध्याकाळी एक वर्ग उघडून द्यावा आणि मराठी शिकवणाऱ्यांनी आठवड्याला दोन उत्तरं तपासून द्यावीत. याला मोठा फंड लागत नाही.

आणि निकालाच्या दिवशी अम्मी-अब्बूंनी “पास की नापास?” एवढ्यावर थांबू नये. चार दिवस जाऊ द्यावेत. मग शेजारी बसून विचारावं, “बेटा, गुण कुठे गेले?” याचं उत्तर ज्या मुलाकडे तयार असेल, त्याला पुढच्या प्रयत्नासाठी घरानं खुशाल साथ द्यावी. ज्याच्याकडे नसेल, त्यानं आधी वही उघडावी, फॉर्म नंतर भरावा.