फुकट ते पौष्टिक

आयटीतल्या भूकंपाचं एक बरं असतं. शेजारच्या टेबलावरची कपबशीसुद्धा हलत नाही. १० डिसेंबर २०२१, शुक्रवार. मॉलमध्ये ख्रिसमसची झाडं लागली होती, ओमायक्रॉनचं नवं टेन्शन सुरू झालं होतं आणि अर्धं हिंजवडी अजून घरूनच लॉग-इन करत होतं. त्या दिवशी बातमी फुटली की बँका, विमान कंपन्या, सरकारी खाती, मोबाइल गेम्स अशा सगळ्यांच्या पोटात असलेल्या एका फुकटच्या सॉफ्टवेअरला भोक आहे. झालं! आयटीवाल्यांचा वीकेंड गेला. वीकेंड कसला, पार नाताळापर्यंतची वाट लागली.

त्या सॉफ्टवेअरचं नाव लॉगफोरजे. भोकाचं नाव लॉगफोरशेल. तुम्ही एचआर किंवा मार्केटिंगमध्ये असाल, तर ऑफिसच्या ग्रुपवर रोज सकाळी सूर्योदयाचे फोटो टाकणारा तो टेक्निकल लीड त्या आठवड्यात एकदम गप्प का झाला, हे आता कळेल. आणि तुम्ही आयटीतच असाल, तर पुढचे दोन पॅरे सोडून दिलेत तरी चालेल. जखमेवर मीठ नको.

फंडा साधा आहे. प्रत्येक सॉफ्टवेअर एक वही ठेवतं. कोण आलं, काय मागितलं, कुठे गडबड झाली, सगळं त्यात लिहायचं. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन रजिस्टर भरतो ना, तसं. आता प्रत्येक प्रोग्रॅमरने ही वही नव्याने कशाला शिवायची? म्हणून जावावाल्यांनी एक तयार वही घेतली, ती लॉगफोरजे. अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या छत्राखालची, ओपन सोर्स. म्हणजे कोड सगळ्यांना उघडा, वापर फुकट आणि दुरुस्ती ज्याला जमेल आणि वेळ असेल त्याने करायची.

गोची अशी, की ही वही नुसतं लिहून घेत नव्हती. लिहिलेलं वाचून कामालाही लागत होती! २०१३ मध्ये कुणाच्या तरी सोयीसाठी त्यात एक फीचर आलं. मजकुरात डॉलरचं चिन्ह, महिरपी कंस, जे-एन-डी-आय ही चार अक्षरं आणि पुढे एक पत्ता आला, की वही त्या पत्त्यावर जाऊन तिथलं सामान घरात आणायची. म्हणजे पाहुण्याने रजिस्टरच्या ‘नाव’ या रकान्यात लिहायचं, ‘अमुक घरातून माझा माणूस बोलवा आणि त्याला किल्ल्या द्या’, आणि वॉचमनने उठून खरंच तसं करायचं. माइनक्राफ्ट या गेममध्ये चॅटच्या चौकटीत एवढी एक ओळ टाइप केली, की पलीकडचा सर्व्हर खिशात. अशा भोकांना धोक्याचे मार्क देतात. याला दहापैकी दहा मिळाले.

आठ वर्षं हे उघड्यावर पडून होतं. अलीबाबा क्लाउडच्या सुरक्षा टीममधल्या चेन झाओजुन याने २४ नोव्हेंबर २०२१ रोजी ते अपाचीला गुपचूप कळवलं. शाबासकी काय मिळाली? डिसेंबरात चिनी सरकारने ‘आम्हाला आधी का नाही सांगितलं’ म्हणून त्याच्या कंपनीशी असलेलं माहितीच्या देवाणघेवाणीचं सहकार्य सहा महिने थांबवलं. असो.

आता आमच्याकडे काय झालं ते सांगतो. कंपनीचं नाव विचारू नका, ईएमआय चालू आहेत. शनिवारी सकाळी क्लायंटचा एका ओळीचा मेल आला : ‘तुमच्या प्रॉडक्टमध्ये लॉगफोरजे आहे का?’ हो की नाही, एवढंच सांगा. कॉलवर आम्ही चौदा जण. मॅनेजर म्हणाला, नाही म्हणून लिहून टाका. डिझाइन डॉक्युमेंटात कुठे नाव नाहीये. तेवढ्यात कुणीतरी अनम्यूट झालं. पाठीमागून कोंबडा आरवला आणि आवाज आला, ‘‘दादा, डॉक्युमेंटात नाही, बरोबर. पण जार उघडून बघितली का कुणी?’’

हा आमचा अवसरीकर. नाशिक रोडने पेठ मागे टाकलं की जो घाट लागतो, त्याला नाव देणारी अवसरी. त्यातली अवसरी खुर्द याचं गाव. तिथे २००९ साली शासकीय अभियांत्रिकी कॉलेज सुरू झालं आणि या पठ्ठ्याने घरचं जेवण जेवत कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं. लॉकडाऊन लागल्यावर पिंपळे सौदागरची कॉट सोडून तो गावी गेला. घरात मोबाइलला एक दांडी, गच्चीवर तीन. म्हणून याचं ऑफिस गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून.

जार म्हणजे जावाचा डबा. डब्यात डबा, त्यात आणखी डबा. आपण एक रेडिमेड लायब्ररी घेतो. तिने आपल्या सोयीने दुसऱ्या चार घेतलेल्या असतात, त्या चारांनी आणखी. आपण पहिल्याच डब्यावर लेबल लावून मोकळे! त्याच डिसेंबरात गूगलने जावाच्या सगळ्यात मोठ्या सार्वजनिक कोठारातले डबे तपासले. पस्तीस हजारांहून जास्त पॅकेजेस या भोकाच्या तडाख्यात होती. त्यातल्या ऐंशी टक्क्यांहून जास्त ठिकाणी भोकाचा कोड एकापेक्षा जास्त पातळ्या खाली दडलेला. ज्यांनी ती पॅकेजेस बनवली, त्यांनी स्वतः लॉगफोरजेला हातही लावलेला नव्हता. तो आपोआप आला. लग्नात पाहुण्यांबरोबर पाहुणे येतात तसा.

रविवारी रात्री दीड वाजता ग्रुपवर अवसरीकराचा मेसेज पडला : ‘आहे. तीन डबे खाली.’ पूर्वी कुणीतरी रिपोर्ट काढायला एक तयार प्रॉडक्ट आणून बसवलं होतं. आणणारा कॅनडाला गेला, डबा आमच्याकडे राहिला.

माझ्या मते त्या आठवड्यातली खरी बातमी हीच होती. भोक बुजवायला तासभर लागत होता. ते आपल्याकडे आहे की नाही, याचं उत्तर द्यायला दिवसच्या दिवस. अमेरिकी सरकारने नेमलेल्या सायबर समितीने जुलै २०२२ मध्ये यावर अहवाल दिला. त्यांच्या एका खात्याने फक्त या प्रकरणावर तेहतीस हजार तास घातले होते. त्यात लिहिलंय की हे दुखणं दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ पुरेल.

सोमवारी रात्री पुन्हा कॉल. अवसरीकर स्पीकरवर होता, त्याचे वडीलही जागे होते. शेताला थ्री फेज लाइट त्या आठवड्यात रात्रीची होती आणि कांद्याला पाणी द्यायचं होतं. त्या भागात रात्री पाणी द्यायला जाणं म्हणजे काय ते जुन्नर-आंबेगावच्या माणसालाच विचारा. हातात बॅटरी आणि काठी, मोबाइलवर मोठ्याने गाणी, म्हणजे बिबट्या लांब राहील. घरातली दोन्ही कर्ती माणसं रात्रपाळीला. मला म्हणाले, ‘‘साहेब, पोरगं तीन रात्री झोपलं नाही. एवढं काय ढासळलंय?’’

मी आपला वॉचमन आणि रजिस्टर सुरू केलं. त्यांनी मध्येच थांबवलं. ‘‘म्हणजे सामाईक विहीर.’’

‘‘तसंच काहीसं.’’

‘‘मग गाळ कोण काढतं?’’

मी सांगितलं, चार-पाच जण आहेत, बाहेरच्या देशांत. आपापली नोकरी करतात आणि रात्री, सुट्टीच्या दिवशी हे बघतात.

‘‘त्याचा पगार?’’

‘‘नाही.’’

‘‘आणि पाणी कोण कोण उचलतं?’’

बँकांपासून सुरुवात केली आणि मध्येच थांबलो. यादी संपणारी नव्हती.

‘‘आमच्यात विहीर सामाईक असली तरी सात-बाऱ्यावर हिस्सा असतो,’’ ते म्हणाले. ‘‘गाळ काढायचा झाला, मोटार जळाली, हिश्शापरमानं पैसे पडतात. भांडणं होतात, पण पडतात. तुमच्यात ज्यानं आजवर फुकट गाळ काढला, त्यालाच आता शिव्या बसत असतील, न्हवं?’’

बसतच होत्या! वोल्कान याझिजी या लॉगफोरजेच्या माणसाने त्याच दिवसांत जाहीरपणे लिहिलं होतं, की आम्ही झोप न घेता दुरुस्त्या करतोय आणि ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत त्यावरून लोक आम्हाला झोडपताहेत. राल्फ गोअर्स हा दुसरा, त्याची दिवसाची नोकरी वेगळीच. तोवर त्याला देणगी देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कहर तर पुढेच आहे. जानेवारी २०२२ मध्ये स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्गला एका बड्या कंपनीचा मेल आला, की लॉगफोरजेबद्दलची एवढी उत्तरं चोवीस तासांत द्या. हा बाबा कर्ल नावाचं वेगळंच ओपन सोर्स सॉफ्टवेअर सांभाळतो. ते सी भाषेत आहे, त्याचा जावाशी संबंधच नाही! त्याने कळवलं, आधी सपोर्टचा करार करा, मग उत्तरं देतो.

विहिरीची उपमा मला आवडली, पण एका जागी ती अडते. विहीर उपसली की पाणी खाली जातं. म्हणून हिस्सेदारांना एकमेकांवर डोळा ठेवावा लागतो. कोड कितीही उपसा, आटत नाही. जगभर कोट्यवधी वेळा उतरवून घेतला तरी पातळी तेवढीच. त्यामुळे विहिरीत कुणी उतरलेलं आहे हेच कुणाच्या लक्षात राहत नाही.

२०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड सापडलं, तेव्हाही हेच कळलं होतं. निम्मं इंटरनेट ज्या कुलपावर विसंबून, त्या कुलूपवाल्यांना वर्षाला देणग्या मिळत जेमतेम दोन हजार डॉलर. मोठ्या कंपन्यांनी तेव्हा घाईघाईने वर्गणी काढली. सात वर्षांनी दुसरी विहीर.

गुरुवारी, १६ डिसेंबरला, आम्ही कॉलवर क्लायंटला ऐकवत होतो की सगळीकडे २.१६ बसवलंय, विषय संपला. आणि अवसरीकराच्या बाजूने धडाधड आवाज सुरू झाले. क्लायंट घाबरून म्हणाला, तिकडे गोळीबार चाललाय का? नाही हो. सुप्रीम कोर्टाने त्या दिवशी महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींना अटींवर परवानगी दिली होती! कित्येक वर्षांची बंदी उठली म्हणून आख्ख्या आंबेगावात फटाके. हे क्लायंटला इंग्रजीत समजावताना मॅनेजरचा जो चेहरा झाला, तो बघायला कॅमेरे सुरू असायला हवे होते.

आणि विषय संपला नव्हताच. शनिवारी २.१७ आलं, कारण २.१६मध्येही खोट निघाली. २८ तारखेला २.१७.१. पहिली दुरुस्ती २.१५ धरली तर तीन आठवड्यांत चार आवृत्त्या. लोक वैतागले. मला विचाराल तर यात त्या चार-पाच जणांना दोष देण्यासारखं काही नाही. सगळं जग खांद्यावरून डोकावत असताना आणि दिवसाची नोकरी सांभाळून चार दुरुस्त्या देणं, हे आमच्या टीमला तरी झेपलं नसतं.

त्यानंतर थोडं हललं. जर्मनीच्या सरकारी सॉव्हरिन टेक फंडाने लॉगफोरजेला पैसे दिले. बंगळुरूच्या झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये जगभरच्या ओपन सोर्ससाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा फंड जाहीर केला. त्याच महिन्यात आपल्या सर्ट-इनने एसबॉमच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. एसबॉम म्हणजे सॉफ्टवेअरच्या डब्यात काय काय आहे त्याची यादी. बिस्किटाच्या पुड्यामागे छापतात ना, मैदा इतका, साखर इतकी, तशी. पण याच २०२४ मध्ये कोठारातून लॉगफोरजे उतरवून घेणाऱ्या दर शंभरांतले दहाहून जास्त अजून भोकवालीच आवृत्ती नेत होते. नवी शेजारीच ठेवलेली, तीही फुकट!

मार्च २०२४ मधलं एक्सझेड प्रकरण मला जास्त भीतिदायक वाटतं. फाइली आवळून लहान करणारी एक्सझेड ही छोटी लायब्ररी एकच माणूस सांभाळत होता, तोही थकलेला. ‘जिया तान’ नावाने कुणीतरी दोन वर्षं गोड बोलून, मदत करून त्याचा विश्वास मिळवला आणि चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला लॉग-इनला अर्धा सेकंद उशीर का होतोय ही चुटपुट लागली, म्हणून वाचलो. यात भोक कोडमध्ये नंतर पडलं. आधी एका दमलेल्या माणसाला मदतीला कुणी नव्हतं, ते भोक होतं.

आमच्या टीमकडे आता यादी आहे. अवसरीकरानेच केली. एकूण चारशे बारा डबे. क्लायंटचा मेल आला तर दहा मिनिटांत उत्तर जातं. यादी पाहून मी एक फॉर्म भरला, की यातल्या तीन प्रोजेक्ट्सना कंपनीने वर्षाला थोडी देणगी द्यावी. रक्कम एका टीम लंचएवढी, तीही स्टार्टर्स धरून. फायनान्सने फॉर्म परत पाठवला. शेरे तीन : व्हेंडर कोड काय? जीएसटी नंबर काय? इन्व्हॉइस जोडलेला नाही. आणि खाली पेनाने चौथा : ‘पण हे फुकट मिळतं ना?’