वेशीवर पाम लावताय? आधी मे महिन्यातलं पाणी मोजा

पाऊस पडला की वृक्षलागवडीची घाई सुरू होते. गेल्या काही वर्षांत वेशीची कमान, मंगल कार्यालय, प्लॉटिंगचा रस्ता, सगळीकडे पामच्या रांगा दिसू लागल्यात. दिसायला झाक आहे, पण आपला जिल्हा कसा आहे ते आधी बघायला पाहिजे. अकोल्याचा पश्चिम भाग सोडला तर बहुतेक तालुके कमी पावसाचे. पारनेर, पाथर्डी, कर्जतला टँकर नवा नाही.

आपण ज्याला सर्रास बॉटल पाम म्हणतो तो बऱ्याचदा रॉयल पाम असतो, मूळचा क्युबाकडचा. त्याला ऊन चालतं, पण मुळाशी ओल लागते. हिशोब करा. उन्हाळ्यात मोठ्या झाडाला रोज 40 लिटर धरले, तर 20 झाडांना 800 लिटर लागतात. टंचाईत टँकरचं पाणी माणशी 20 लिटर धरतात, म्हणजे हे 40 माणसांचं पाणी झालं. शिवाय पामखाली सावली नाही. एसटीची वाट बघणाऱ्या म्हातारीला पामचा काय उपयोग? तिथं लिंब, वड, चिंचच पाहिजे.

मीही घरापुढं चार लावले होते. दोन उन्हाळ्यात दोन वाळले. एकाचा शेंडा मोडला, तोही गेला. पामला एकच कोंब असतो, तो गेला की झाड संपलं. लिंबासारखं खालून फुटत नाही. म्हणून विजेच्या तारेखाली पाम लावू नका. वायरमनने शेंडा छाटला की झाड मेलंच.

मग पाम लावायचाच नाही का? तसं नाही. झाड जागा बघून निवडा.

नारळ विहिरीजवळ, मोरीच्या पाण्यावर, पाटाकडेला चालतो. कोकणासारखी दमट हवा इथं नाही, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी तुटलं की बारकी फळं गळतात. शेणाचा उकिरडा लांब ठेवा, गेंड्या भुंगा त्यातच वाढतो.

खजुराला कडक ऊन मानवतं, खारवट जमीनही तो बऱ्यापैकी सोसतो. राहाता, श्रीरामपूर, नेवाशाकडं पाटपाण्यानं चोपण झालेल्या रानात विचार करण्यासारखा आहे. पण फळ पिकायला आणि पाऊस यायला एकच गाठ पडते, घड झाकावे लागतात. नर-मादी झाडं वेगळी असतात, परागीकरण हातानं करावं लागतं. बी लावून मादीच येईल याचा भरवसा नाही. टिश्यूकल्चरचं रोप महाग, म्हणून आधी दोन-चार लावून बघा.

आणि आपली शिंदी! ओढ्याकाठी कुणी न लावता उगवते, मुळ्यांनी काठ धरून ठेवते, तिच्यावर सुगरणीचे खोपे लोंबतात. दिवाळीला लक्ष्मी म्हणून पुजतो ती केरसुणी तिच्याच पानांची. ओढा खोलीकरणात जेसीबी पहिल्यांदा तिलाच उपटतो. नंतर आपणच पैसे मोजून परदेशी पाम आणतो.

ग्रामसभेत लागवडीचा विषय निघाला की तीनच प्रश्न विचारा: मे महिन्यात पाणी कोण घालणार? वर तार आहे का? खाली सावली कुणाला मिळणार? उत्तर मिळालं तरच खड्डा घ्या. नाहीतर पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप आणि नवं बिल.