रानाचे वय कोण मोजणार?

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारापाशी रविवारी सकाळी उसळणारी गर्दी ज्याने पाहिली आहे, तो मुंबईकराला वनाची ओढ नाही असे म्हणण्याचे धाडस करणार नाही. डबे, सतरंज्या आणि मुलेबाळे घेऊन आलेली ही माणसे दिवसभर सावलीत बसतात, सफारीच्या रांगेत उभी राहतात आणि दिवे लागायच्या सुमारास लोकलच्या डब्यात परततात. त्यांच्यापैकी काही जण कान्हेरीपर्यंत जातात. तेथील महाचैत्य पाहून झाल्यावर पायऱ्यांनी माथ्याकडे चढणारे मात्र थोडेच. वर चढले की शहराचा आवाज एकाएकी खाली राहतो. खडकात खोदलेल्या पोढीत गेल्या पावसाळ्याचे पाणी साठलेले असते. उतारावर ऐन, कुडा, कांडोळ आणि सावर यांची दाटी असते आणि त्यांच्या तळाशी कारवीची खुरटी दिसणारी, पण चिवट झुडपे उभी असतात.

या जागेला भेट देण्याची परंपरा उपनगरी रेल्वेपेक्षा पुष्कळच जुनी आहे. इसवी सनाच्या प्रारंभापासून सुमारे एक हजार वर्षे बौद्ध भिक्षूंनी येथे वर्षावास केला. कल्याण व सोपारा येथील व्यापाऱ्यांनी त्यांना लेणी आणि पाण्याच्या पोढी दान दिल्या, आणि त्या दानाचे लेख भिंतींवर आजही वाचता येतात. अकराव्या शतकाच्या आरंभी येथे येऊन गेलेल्या पारशी प्रवाशांनी आपली नावे पहलवी लिपीत कोरून ठेवली आहेत. म्हणजे शहर जन्माला येण्यापूर्वीपासून माणूस या डोंगरात येत राहिला, आणि तरीही येथील रान टिकले.

ते आपोआप टिकले, असे मात्र नाही. विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी तलाव १८७९ मध्ये बांधून झाला. तहानलेल्या शहराला पाणी हवे होते, आणि पाणी हवे तर पाणलोटातील डोंगर झाकलेले राहिले पाहिजेत, हे त्या काळच्या कारभाऱ्यांना उमगले होते. आज महानगराच्या पाण्यात या दोन तलावांचा वाटा अगदी थोडा आहे, परंतु त्यांच्यामुळे राखले गेलेले रान सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या राष्ट्रीय उद्यानाचा गाभा होऊन बसले आहे. उपयोगासाठी राखलेली गोष्ट पुढे उपयोगापलीकडची ठरली, याचे हे एक बोलके उदाहरण होय.

जुनेपणाची व्याख्या

रानाचे जुनेपण हे काव्यात्म विशेषण नव्हे, ती मोजता येण्याजोगी गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये १६०० सालापासून जेथे अखंडपणे वनाच्छादन आहे, त्या जमिनीला ‘प्राचीन वन’ म्हणतात. वर्षाची ही निवड लहरीने झालेली नाही. त्या सुमारापासूनचे बरेवाईट नकाशे उपलब्ध आहेत आणि त्याआधी मुद्दाम लागवड करण्याची प्रथा विरळा होती. त्यामुळे तेव्हा जे वन होते, ते बहुधा त्याहूनही जुने असणार, असा हा तर्क आहे. ऑलिव्हर रॅकहॅम या केंब्रिजच्या अभ्यासकाने जुनी कागदपत्रे, बांधांच्या खुणा आणि जमिनीलगतच्या वनस्पती यांची सांगड घालून अशा वनांचा इतिहास लिहिला. फार सावकाश पसरणारे ब्लूबेलचे निळे फूल जेथे दाट उगवते, तेथील माती शतकानुशतके नांगराखाली आलेली नाही, अशी साक्ष ते फूल देते.

या वनांतील पुष्कळशी अवघ्या काही एकरांची आहेत. ती अस्पर्शही नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या लाकूडतोड्यांनी तेथील झाडे बुंध्याशी तोडली, पुन्हा फुटू दिली आणि पुन्हा तोडली. झाडे बदलली, परंतु माती, तिच्यातील बुरशी, किडे, कंद आणि बी यांचा संसार मोडला नाही. जुने रान म्हणजे जुनी झाडे हा समज त्यामुळे अपुरा ठरतो. रानाचे वय झाडाच्या बुंध्यात असते, त्याहून अधिक ते पायाखाली असते.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये. सह्याद्रीच्या गावोगावी देवराया आहेत. कोकणात त्यांना देवरहाटी म्हणतात. वाळलेली काटकीही उचलू नये, असा तेथील दंडक. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला, तेव्हा आजूबाजूच्या डोंगरांवरून नाहीशा झालेल्या कित्येक वनस्पती तेथे तग धरून असल्याचे दिसून आले. इंग्रजांनी जे नकाशावर शोधले, ते मराठी खेड्याने देवाच्या स्वाधीन करून ठेवले होते. आरे वसाहतीच्या व राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील पाड्यांवर आजही वाघोबाची पूजा होते. ज्या रानात बिबट्या वावरतो, त्या रानाशी कसे वागावे याचा तो एक जुना करारच आहे.

साठ वर्षे आणि साठ रोपे

आता शहराच्या कायद्याकडे वळू. नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने १९७५ मध्ये कायदा केला. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ हा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याचे बंधन आले. वयाला किंमत आहे हे कायद्याने प्रथमच मान्य केले, म्हणून ही दुरुस्ती स्वागतार्हच होती. परंतु त्या मान्यतेचे पुढे काय झाले पाहा. वयाचे रूपांतर संख्येत झाले. साठ वर्षांचे झाड गेले, तर साठ रोपे आली. घरातला साठ वर्षांचा कर्ता पुरुष गेल्यावर त्याच्या जागी पाळण्यात साठ अर्भके ठेवून हिशेब जुळला म्हणणाऱ्या कारकुनाला कोणी शहाणा म्हणणार नाही; झाडाच्या बाबतीत मात्र हाच हिशेब नियम ठरतो.

आरेच्या वादात या हिशेबाचे अपुरेपण उघडे पडले. मेट्रोच्या कारशेडला विरोध करणाऱ्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१९ रोजी फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबविली, तोवर २,१४१ झाडे पडली होती. त्या दिवसांत अवघे शहर झाडांचे आकडे बोलत होते. किती तोडली, किती हलविली, किती लावणार, हेच प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारले जात होते. आरे दुग्धवसाहत १९४९ मध्ये स्थापन झाली. तेथील पुष्कळशी झाडे त्यानंतर लावलेली आहेत, हे खरे. पण ओशिवरा नदी जेथे उगम पावते, जेथे पाडे वसले आहेत आणि जेथील माती उद्यानाच्या मातीशी सलग आहे, त्या जमिनीचे वय काय, हा प्रश्न झाडे मोजणाऱ्यांनी विचारला नाही आणि झाडांसाठी रडणाऱ्यांनीही फारसा विचारला नाही. ‘हे वन आहे की नाही’ हा वाद कागदावरच्या नोंदींनी लढला गेला. जमिनीला साक्षीला कोणी बोलावले नाही.

लोकलमधला माणूस

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. विरार किंवा कल्याणहून निघून दारात लोंबकळत कचेरी गाठणाऱ्या माणसाला रानाच्या मातीचे वय सांगणे ही चैन नव्हे काय? मेट्रो ही त्याची गरज आहे. २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या भुयारी मार्गाने अनेकांचे हाल कमी केले, हे मान्य केलेच पाहिजे. राष्ट्रीय उद्यानाखालून गोरेगाव–मुलुंड आणि ठाणे–बोरिवली या दोन जोडबोगद्यांचे प्रकल्प हाती घेतले गेले आहेत. त्यांचा लाभही याच माणसाला होईल, असे सांगितले जाते.

परंतु हाच माणूस दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या नद्यांच्या काठी राहतो, आणि या चारही नद्या याच डोंगरांतून आणि तलावांतून निघतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाणी त्याच्याच घरात शिरले होते. एवढा पाऊस कोणतेही रान पूर्णतः अडवू शकत नाही, हे खरे. तथापि डोंगर उघडा झाल्यास पाणी अधिक वेगाने आणि अधिक गाळ घेऊन उतरते, हे समजायला तज्ज्ञ लागत नाही. तेव्हा रान विरुद्ध प्रवासी अशी मांडणीच लबाड आहे. खरा प्रश्न, दुसरी जागा शोधण्याचा खर्च आणि कष्ट शहर सोसणार की नाही, हा आहे.

लंडनच्या उदाहरणाने येथे डोळे उघडावेत. शहराच्या वेशीवरचे एपिंगचे रान जमीनदार कुंपणे घालून गिळू लागले, तेव्हा लाउटन गावच्या टॉमस विलिंगेल या मजुराने थंडीत फांद्या तोडण्याचा गावकऱ्यांचा पिढीजात हक्क बजावला. त्याच्या कुटुंबीयांना तुरुंगवास घडला. पुढे लंडनच्या महापालिकेने हा लढा न्यायालयात नेला आणि १८७८ च्या कायद्याने एपिंगचे वन जनतेसाठी कायमचे राखले गेले. १८८० मध्ये याच महापालिकेने शहरापासून कोसांवर असलेले बर्नहॅम बीचेस हे छोटे जुने वन विकत घेतले. एखाद्या नगरपालिकेने आपल्या हद्दीबाहेरचे रान आपल्या नागरिकांसाठी घ्यावे, ही दृष्टी पाहण्यासारखी आहे. मात्र त्याच कायद्याने विलिंगेलच्या गावाचा फांद्या तोडण्याचा हक्क भरपाई देऊन संपविला. वन वाचले आणि ज्याने वाचविले, तो बाहेर राहिला. आपल्याकडे पाड्यांच्या बाबतीत या चुकीची पुनरावृत्ती होऊ नये.

इंग्लंडला देव्हाऱ्यात बसविण्याचेही कारण नाही. लंडन–बर्मिंगहॅम वेगवान रेल्वेसाठी तेथेही प्राचीन वनांचे तुकडे पडले, आणि त्यांची माती उचलून दुसरीकडे पसरण्याचा प्रयोग झाला. तरीही तेथील नियोजनाचे धोरण प्राचीन वनाला ‘भरून न येणारे’ म्हणते. तोडताना निदान काय तोडले जात आहे, याचे नाव घ्यावे लागते. आपल्याकडे ते नावच नाही.

नोंद आणि भेट

म्हणून पहिले काम नाव देण्याचे आहे. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत रानाचे जे जे तुकडे उरले आहेत, त्यांची वयानिशी नोंद व्हावी. जुने महसुली नकाशे, पाड्यांवरील वृद्धांच्या आठवणी आणि जमिनीलगतच्या वनस्पती, एवढी साधने त्याला पुरतील. उपनगरांतील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र आणि इतिहास विभागांनी मनावर घेतले, तर हे काम आवाक्याबाहेरचे नाही. अशी नोंद झालेली जमीन भरपाईच्या हिशेबातून वगळावी; रोपे लावण्याचे वचन हा तिच्या तोडीचा परवाना ठरू नये.

दुसरे काम शाळांचे आहे. उद्यानातील सहल म्हणजे धावपळ आणि खाऊ, एवढेच सूत्र आता पुरे झाले. एका वर्गाने रानातील एकच वाट निवडावी आणि दरवर्षी त्याच वाटेवर, त्याच झाडापाशी जावे. काय बदलले आणि काय बदलले नाही, हे वहीत लिहावे. जे वारंवार पाहिले जाते, त्याच्याशी माणसाचे नाते जडते, आणि नाते जडल्यावाचून कोणताही कायदा अंगी लागत नाही.

कान्हेरीच्या उतारावरची कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. २०१६ मध्ये ती फुलली होती, २०२४ मध्ये पुन्हा फुलली. सात वर्षे नुसती हिरवी राहून आठव्या वर्षी जांभळी होणारी आणि फळून मरून जाणारी ही वनस्पती कोणत्याही वार्षिक अहवालात बसत नाही. आज पाचवीत असलेले मूल महाविद्यालयात जाईल, तेव्हा, २०३२ मध्ये, तिच्या पुढच्या फुलोऱ्याची पाळी येईल. त्या वर्षी त्याला तो उतार जागेवर सापडला, तर या शहराने रानाचे वय मोजायला शिकले, असे म्हणता येईल.