फॉरमॅट मारण्याआधी

संगणक सुरू होताना अडला की आपल्याकडे एकच औषध ठरलेले आहे: ‘फॉरमॅट मारा!’ नांदेड असो वा लातूर, यात फरक नाही. ओळखीच्या एका प्रयोगशाळेत या औषधाने विद्यार्थ्यांनी वर्षभर गावोगाव फिरून टंकित केलेल्या जात्यावरच्या ओव्या पुसल्या गेल्या. त्यांत माझ्या आजीच्याही होत्या. ती लिहू शकत नव्हती, आता नाहीही.

आणि दुखणे काय होते? ते यंत्र लिनक्सवर चालणारे. रोज सकाळी मजकुराची प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवणारी एक लहानशी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची चिठ्ठी, त्यात होती. नेटवर्क जागे होण्याआधीच ती धावे आणि वाट पाहत बसे. ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ हे वाक्य पडद्यावर उभे होते. ते कोणी वाचलेच नाही.

इथे क्रमाला महत्त्व असते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, ते आठवावे. वाघिणी आधी राजस्थानात कोट्याला धुतल्या, मग मिरजेला भरल्या, मग गाडी निघाली. न भरताच ती निघाली असती तर वेळेवर पोचूनही काय उपयोग? २०१० पासून पुढे आलेल्या सिस्टिमडी या व्यवस्थेत ‘नेटवर्क आल्यानंतरच चाल’ असे लिहून ठेवता येते. दोन ओळींचे काम!

दुसरी नेहमीची तक्रार: ‘हाताने चालवली की चालते, सुरुवातीला चालत नाही.’ कारण त्या वेळी आपण लॉगिन केलेले नसते. आज्ञा कुठे शोधायची याची यादीही आखूड असते. नव्या गड्याला नुसते ‘खुरपे आण’ म्हटले तर तो कुठून आणणार? कोणत्या खोपीत, कोणत्या खुंटीला, हे सांगावे लागते. म्हणून स्क्रिप्टमध्ये पूर्ण पत्ता लिहावा.

तिसरी गंमत विंडोजवर लिहून आणलेल्या स्क्रिप्टची. तिच्या ओळींच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह असते. पहिल्या ओळीतल्या ‘बॅश’ला ते चिकटले की यंत्र भलत्याच नावाचा दुभाषा शोधते, आणि फाइल डोळ्यांसमोर असूनही ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असे सांगते. असा निरोप शब्दशः घेऊन चालत नाही. तो कोणाविषयी आहे हे विचारावे लागते. इतिहासाच्या तासाला बखरीबाबत आपण दुसरे काय करतो?

म्हणूनच ‘हे विज्ञान शाखेचे काम’ हे म्हणणे मला पटत नाही. ‘जर्नलसीटीएल -बी’ एवढी आज्ञा दिली की यंत्र या वेळी सुरू झाल्यापासूनची नोंदवही समोर येते. ती वाचायची असते, इतकेच. अडचण खरी आहे ती इंग्रजीची. सी-डॅकच्या बॉस लिनक्सवर मेनू मराठीत दिसू शकतात, पण सुरुवातीचे निरोप इंग्रजीतच येतात, आणि ज्याच्या घरात त्याच्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नाही तो मुलगा ती भाषा दिसली की मागे सरतो. यंत्राला तो भीत नाही.

प्राध्यापक मंडळींकडे मागणी लहान आहे. प्रत्येक संगणकाशेजारी एक वही असावी. आलेला निरोप, त्याचा मराठी अर्थ आणि सापडलेला उपाय तीत लिहावा. आणि ती चाळल्याशिवाय कोणी फॉरमॅटला हात लावू नये. पहिली तीन पाने मी लिहून ठेवली आहेत.