नशा करणारा मुलगा: आरोपी की पेशंट?



एप्रिल २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या चाकूर तालुक्यातील रोहिणा गावात महसूल गुप्तचर संचालनालयाने मेफेड्रोनचा, म्हणजे 'एमडी'चा कारखाना पकडला. ११ किलोहून अधिक माल, किंमत सुमारे १७ कोटी. त्याआधी तुळजापुरातही एमडीचे प्रकरण गाजले होते. तेव्हापासून अहमदपुरात एकच सूर ऐकू येतो: "विकणारा असो की ओढणारा, सगळ्यांना आत टाका."

विकणाऱ्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. कारखाना काढणाऱ्याला कायद्याने जी शिक्षा असेल ती होऊ द्या. पण ओढणाऱ्या पोराला तुरुंगात पाठवू नका, असे मी डॉक्टर म्हणून स्पष्ट सांगतो. का, ते समजून घ्या.

मेंदूत काय होते?

एमडीमुळे मेंदूत डोपामिनसारखी रसायने एकदम उसळतात. झोप उडते, छातीत धडधडते, बीपी चढतो, कुणीतरी मागावर आहे असा संशय येतो. नशा उतरली की मन खचते आणि पुन्हा घ्यावेसे वाटते. हे वारंवार झाले की "उद्यापासून सोडतो" हा निश्चय टिकवणारी मेंदूची यंत्रणाच दुबळी होते. शुगरच्या पेशंटला दम देऊन शुगर उतरत नाही, तसेच हे आहे.

तुरुंगात काय होते?

व्यसनाचा उपचार म्हणजे तपासणी, गरजेप्रमाणे औषधे, समुपदेशन, घरच्यांचा सहभाग आणि महिनोन्महिने पाठपुरावा. हे कोठडीत होत नाही. उलट नव्या ओळखी होतात आणि बाहेर आल्यावर 'जेलात जाऊन आलेला' हा शिक्का नोकरीच्या आणि सोयरिकीच्या आड येतो. ब्राऊन शुगर, हेरॉइन घेणाऱ्यांच्या बाबतीत तर धोका जिवाचा आहे. आत असताना शरीराची सवय मोडते. सुटल्यावर तो जुन्याच मात्रेने घेतो आणि श्वास थांबतो. तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे सर्वात घातक असतात, हे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे.

कायदा काय म्हणतो?

१९८५ च्या एनडीपीएस कायद्याचे कलम २७ नुसत्या सेवनालाच गुन्हा ठरवते. पदार्थानुसार सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत कैद. २०१५ पासून एमडीही या कायद्याखाली आहे. २ ग्रॅमपेक्षा कमी ते 'अल्प प्रमाण', ५० ग्रॅमपेक्षा जास्त ते 'व्यापारी प्रमाण'.

पण याच कायद्यात कलम ६४-अ आहे. अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेईल, तर तिच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट काढून घेता येते. कलम ३९ नुसार न्यायालयही दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीला तिच्या संमतीने उपचारासाठी सोडू शकते. म्हणजे दार आहे. पण किती आईबापांना ते ठाऊक आहे? माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न मुलाच्या तब्येतीचा नसतो. "डॉक्टरसाहेब, पोलिसांना तर कळणार नाही ना?" हा असतो. या भीतीपायी पेशंट दोन-दोन वर्षे उशिरा येतो.

हा कायदा आला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केले. तेव्हा ब्राऊन शुगरची लाट होती. एकाच संकटाला महाराष्ट्राने पाहिलेली ही दोन उत्तरे. माणसे संसारात परत कशाने आली, हे तुम्हीच ठरवा.

"भीती गेली तर गावोगाव नशा पसरेल!"

हा आक्षेप प्रामाणिक आहे. पण चाळीस वर्षे ही भीती होतीच, तरी एमडी रोहिण्यापर्यंत आले. पोर्तुगालने २००१ मध्ये स्वतःपुरता साठा बाळगणाऱ्याला फौजदारी कोर्टाऐवजी समुपदेशन आणि उपचाराचा सल्ला देणाऱ्या समितीपुढे उभे करायला सुरुवात केली. विक्री गुन्हाच राहिली, उपचार केंद्रे वाढवली. देश नशेत बुडाला नाही. सुईने नशा करणाऱ्यांमधील नवे एचआयव्ही रुग्ण मात्र खूप घटले. आपल्याकडेही २०२१ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने अल्प प्रमाणातील वैयक्तिक सेवन गुन्ह्यातून वगळण्याची शिफारस केली होती. कलम २७ अजून तसेच आहे.

आणि दारूचे काय? दारूने लिव्हर सडलेल्याला आपण सलाईन लावतो, बेड्या नाही. मग हा दुजाभाव का?

मग करायचे काय?

सरकारकडे मागणी तीन गोष्टींची करा. कलम २७ रद्द करा. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या खाटा आणि मानसोपचारतज्ज्ञ द्या. कलम ६४-अ चा फलक प्रत्येक पोलीस ठाण्यात मराठीत लावा. उमेदवार मते मागायला आला की त्याला हे विचारा.

आणि तुमच्या घरात अशी शंका असेल तर मुलाला मारू नका, कोंडू नका. १४४४६ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. लातूर, अंबाजोगाई किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग गाठा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थाही आजारात मोडतात आणि पेशंटची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. लोक काय म्हणतील याची वाट पाहू नका. आज जा.